वॉकर कुठे चालत होता?

हिंदी चित्रपटातले विनोदी नट जॉनी वॉकर यांचं मूळ नाव बद्रुद्दीन काझी. ते मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर होते. गुरुदत्त यांनी पडद्यासाठी त्यांना एका प्रसिद्ध व्हिस्कीचं नाव दिलं. काझी म्हणजे न्यायनिवाडा करणारा. मग वॉकर म्हणजे कोण? भरभर चालणारा, असंच मी बरीच वर्षं समजत होतो.

मित्रहो, हा वॉकर रस्त्यावरून नव्हे, कापडावरून चालत होता. मध्ययुगीन इंग्लंडची श्रीमंती लोकरीवर उभी होती. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत असतं. ते हौदात भिजवायचं, आपल्या मुलतानी मातीसारखी माती घालायची आणि तासन् तास पायांनी तुडवायचं. मग ते आटून घट्ट होतं. हौदात कधी शिळं मूत्रही ओतत. हे काम करणारा उत्तरेकडे वॉकर, दक्षिणेला आणि पूर्वेला फुलर, तर नैर्ऋत्येला टकर. धंदा एक, बोली तीन, म्हणून आडनावंही तीन.

1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हा तिथल्या सामान्य माणसाला आडनाव नव्हतं. सरदार आपल्या जहागिरीचं नाव लावू लागले. गावात मात्र चार जॉन निघाले की लोक म्हणत, जॉन लोहार, जॉन टेकडीखालचा, विल्यमचा जॉन. त्यांचेच पुढे स्मिथ, अंडरहिल आणि विल्यमसन झाले. तोंडी ओळख पिढीगणिक बदलायची. पण जमीन वारसाच्या नावे करायची, कर वसूल करायचा, तर कागदावर पक्कं नाव लागतं. 1377, 1379 आणि 1381 साली डोईपट्टी बसली, तेव्हा कारकुनांनी माणसांची नावं लिहून घेतली. 1538 साली चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद सक्तीची झाली. कागदावरचं नाव मुलाला चिकटलं. मग तो कापड तुडवो की पाव भाजो.

ही फारकत कायद्यालाही कळली होती. 1413 च्या एका कायद्याने खटल्यात प्रतिवादीच्या नावापुढे त्याचा दर्जा, धंदा आणि गाव लिहिणं बंधनकारक केलं. नुसत्या आडनावावरून माणूस कळत नव्हता. व्हिस्कीवाल्या जॉन वॉकरने तरी कुठे कापड तुडवलं? त्याने 1820 साली स्कॉटलंडमध्ये किराणा दुकान थाटलं होतं.

माझं आडनाव शिकलगार. हत्यारांना धार आणि झळाळी देणारा. आजोबांनंतर आमच्या घरात कुणी सहाणेला हात लावला नाही. मी कविता लिहितो. तरुणपणी भाड्याची खोली बघायला गेलो होतो. घरमालकांनी चहा दिला, मराठी कवितेवर मनापासून गप्पा मारल्या आणि निघताना आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं त्यांना आठवलं.

पुढे इंग्रजीत एक आडनाव भेटलं, फ्रोबिशर. मार्टिन फ्रोबिशर हा दर्यावर्दी 1576 साली वायव्येकडून आशियाची वाट शोधायला निघाला होता. त्याच्या आडनावाचा अर्थ, चिलखतं आणि तलवारी घासून लखलखीत करणारा. म्हणजे आमचाच भाऊबंद! माझ्या आडनावाचा अर्थ कुणी विचारला, की मी हौसेने ही गोष्ट सांगतो. त्या आडनावावरून माझा अंदाज मात्र कुणी बांधू नये.