तपस्वी बोक्याची कुळकथा

महाबलीपुरमच्या त्या अजस्र शिळेवर गर्दी फार. देव, गंधर्व, नाग, ऋषी आणि खऱ्याएवढे हत्ती. सातव्या शतकात पल्लवांच्या कारागिरांनी कोरलेला हा देखावा अर्जुनाच्या तपश्चर्येचा की गंगावतरणाचा, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. मला तिथला सर्वांत लाडका आहे तो हत्तीच्या सुळ्यांजवळचा बोका. मागच्या पायांवर ताठ उभा, पुढचे पाय डोक्यावर ताणलेले. पायाशी उंदीर, त्यातल्या एकाने चक्क हात जोडलेत. त्याच शिळेवर हाडांचा सापळा झालेला एक तपस्वी एका पायावर, हात उंचावून उभा आहे. बोका त्याचीच नक्कल करतो.

हा बोका आला महाभारतातून. उद्योगपर्वात युद्ध तोंडावर आलेलं असताना दुर्योधन शकुनीच्या मुलाला, उलूकाला, पांडवांकडे निरोप घेऊन धाडतो आणि युधिष्ठिराला टोमणा म्हणून ही गोष्ट सांगायला लावतो. गंगेकाठी हात वर करून एक बोका तप करतो. पक्षी विश्वास ठेवतात, मग उंदीर आश्रयाला येतात. तपाने फार थकलोय, मला रोज नदीपर्यंत पोचवा, एवढीच त्याची अट. उंदीर घटत जातात, बोका गुबगुबीत होतो. डिंडिक नावाचा उंदीर सोबत जातो तो परततच नाही. तेव्हा कोलिक नावाचा म्हातारा उंदीर ठेवणीतला पुरावा काढतो: कंदमुळं खाणाऱ्याच्या विष्ठेत केस नसतात!

गोष्ट वाचताना मी इथे थबकतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणीतरी मांजराची विष्ठा निरखून पाहिली होती. आजही रानातल्या प्राण्याचा आहार असाच कळतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात अकोल्याच्या शेतीपट्ट्यात बिबट्यांच्या विष्ठेतले केस तपासले गेले, तेव्हा त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. पद्धत कोलिकाचीच, फक्त जोडीला सूक्ष्मदर्शक.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात बोक्याचं व्रत करणारे आणि बगळ्याच्या वृत्तीचे असे दोन्ही ढोंगी एकाच श्लोकात बसवलेत. आपण मराठीत बकध्यान ठेवलं. पाली बिलार जातकात तर गंमतच आहे. नावात बोका, शेवटच्या गाथेतही बोक्याचंच व्रत. पण गोष्टीत एका पायावर उभा राहून वारा पिणारा ढोंगी आहे कोल्हा. बोक्याची जागा त्याला कुणी दिली कोण जाणे.

पण ढोंगाचा आळ मांजरावरच का यावा? बिळासमोर तासन् तास न हलता बसणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. पाठलाग करून दमवणं कुत्र्या-लांडग्यांना जमतं. मांजराची सारी भिस्त दबा धरून बसण्यावर आणि शेवटच्या झेपेवर. त्या वेळी डोळे टक्क उघडे, कान पुढे, शेपटीचं टोक तेवढं वळवळतं. अर्धोन्मीलित डोळ्यांची समाधी वेगळी, ती निवांतपणाची. 2020 साली ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की माणसाने हळू डोळे मिचकावले, तर मांजरंही तसेच मिचकावतात आणि अनोळखी माणसाजवळही जास्त येतात. कथाकारांनी ही दोन रूपं एकात कालवली आणि साधू तयार केला. मला हा मांजरावर अन्यायच वाटतो.

गोष्ट मात्र लांब गेली. पंचतंत्रात ससा आणि पक्षी आपलं भांडण घेऊन अशाच एका धर्मनिष्ठ बोक्याकडे न्याय मागायला जातात. नीट ऐकू येत नाही, जवळ या, म्हणतो तो, आणि दोघांनाही खातो. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने पंचतंत्राचंच रूप असलेलं 'कलिला व दिम्ना' अरबीत आणलं, तेव्हा तोच बोका उपवास धरणारा झाला. पुढे फारसीत उबैद झाकानीच्या नावावरच्या काव्यात तो किरमानचा झाला. तिथे त्याने पश्चात्ताप केल्याचं ऐकून उंदीर नजराणे घेऊन गेले.