संत्र्याचा रस, उरुळी कांचन आणि आपलं पोट



पुण्याच्या भाचीचा फोन आला होता. "मामा, सात दिवस नुसत्या रसावर राहायचं, शरीर आतून धुऊन निघतं म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?" रसाच्या बाटल्या घरपोच येतात, सकाळी हिरवा, दुपारी लाल, रात्री पिवळा, असा सगळा बेत तिनं सांगितला. याला 'डिटॉक्स' म्हणतात. तिचं एक वेळ ठीक आहे, वय आहे, तब्येत चांगली आहे. पण तिच्या सासऱ्यांनाही हेच करायचंय आणि त्यांना बारा-पंधरा वर्षांचा मधुमेह आहे. फोनवर हो-नाही सांगून मोकळा झालो असतो, पण जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा कुठलीही गोष्ट आली कुठून हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आणि इथे लिहिलं की घरातले बाकीचेही वाचतील, म्हणून हा लेख. थोडा लांबेल.

तर ही गोष्ट आली कुठून? आपल्या महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मला सापडलेला एक जुना आणि नीट लिहून ठेवलेला प्रसंग १९०२ सालचा आहे, मुंबईतल्या गिरगावातला. गांधीजी तेव्हा आफ्रिकेतून परतून मुंबईत वकिली थाटायच्या खटपटीत होते. त्यांचा दुसरा मुलगा मणिलाल, दहाएक वर्षांचा, विषमज्वरानं आजारी पडला, त्यात न्यूमोनियाची लक्षणं. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप द्यायला सांगितलं. गांधीजींनी नकार दिला. मुलालाही विचारलं, तोही नको म्हणाला. मग जर्मनीतल्या लुई कुने नावाच्या माणसाच्या पद्धतीनं कटिस्नान, म्हणजे टपात कमरेपर्यंत पाण्यात बसवणं, आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस, बाकी काही नाही, असे तीन दिवस काढले. ताप १०४ पर्यंत चढला. शेवटी ओल्या चादरीत गुंडाळून वर घोंगडी घातली आणि गांधीजी बाहेर चौपाटीवर फेऱ्या मारायला गेले. परत आले तेव्हा घाम फुटून ताप उतरायला लागला होता. पुढे चाळीस दिवस पाणी घातलेलं दूध आणि फळांचा रस. मुलगा वाचला.

हे सगळं त्यांच्या आत्मकथेत आहे आणि मला त्यातली आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. आपल्याच उपचारानं मुलगा बरा झाला असा दावा ते करत नाहीत. देवाची कृपा, पाण्याचे उपचार की जपून दिलेला आहार नि शुश्रूषा, कोण सांगणार, असंच ते म्हणतात. आजच्या बाटलीवाल्यांच्या जाहिरातीत एवढा प्रामाणिकपणा दाखवा बरं!

(जाता जाता: हेच गांधीजी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात अपेंडिक्सनं आजारी पडले, तेव्हा १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. पोटाला मातीचा लेप लावून ते बसून राहिले नाहीत.)

आता या कुनेचं म्हणणं काय होतं? लाइपझिगमध्ये १८८३ साली त्यानं आपला दवाखाना काढला. हा काही शिकलेला डॉक्टर नव्हे. त्याचा सिद्धांत असा की रोग पुष्कळ नसतात, एकच असतो. शरीरात परकं, नको असलेलं द्रव्य साठतं, ते आंबतं, आणि त्याचेच सगळे रोग होतात. ते बाहेर काढा, माणूस बरा. आपल्याकडे या पुस्तकाची भाषांतरं झाली आणि निसर्गोपचाराच्या हिंदी-मराठी पुस्तकांत 'विजातीय द्रव्य' हा शब्द रुळला. बाटलीवरचा 'टॉक्सिन' हा शब्द म्हणजे हेच विजातीय द्रव्य, कोट बदलून आलेलं.

त्या काळी मोठमोठे डॉक्टरही या नादी लागले होते बरं का. आतड्यातला मळ सडतो, त्याचं विष रक्तात जातं असं मानून लंडनचे सर आर्बथनॉट लेन हे नामांकित सर्जन बद्धकोष्ठाच्या रोग्यांचं मोठं आतडंच कापून काढत. मग १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरनं एक साधी गोष्ट दाखवली. पोट साफ झालं नाही की डोकं जड होतं, जिभेवर थर येतो, चिडचिड होते. हीच लक्षणं गुदाशयात नुसता कापूस भरला तरी होतात. कापसाचं कसलं आलंय विष? आणि पोट साफ झाल्या झाल्या हलकं वाटतं, ते विष इतक्या झटपट रक्तातून जाईल कसं? त्रास ताणाचा असतो, विषाचा नसतो. शंभर वर्षं झाली या गोष्टीला.

विष शरीरात जात नाही असं नाही. दारू आहे, औषधं आहेत, शरीरातच तयार होणारं अमोनिया-युरिया आहे. पण त्याची व्यवस्था अखंड चालू असते. यकृत त्यांचं रूप बदलतं. मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं कामाचं सगळं परत घेऊन दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. ती बंद पडली तर बीटाचा रस कामाचा नाही, डायलिसिसच लागतं. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये काही तरुण शास्त्रज्ञांनी डिटॉक्स म्हणून विकल्या जाणाऱ्या १५ वस्तूंच्या कंपन्यांना विचारलं की तुमच्या मालानं नेमकं कुठलं विष निघतं. कुणालाही धड सांगता आलं नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी झालेल्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. बाजारात विकल्या जाणाऱ्या डिटॉक्स आहारांची माणसांवर नीट तुलना करून घेतलेली एकही चाचणी त्यांना मिळाली नाही.

"पण मामा, मैत्रिणीचं चार दिवसांत तीन किलो उतरलं!" उतरणारच. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक भागाबरोबर तीनेक भाग पाणी धरलेलं असतं. खाणं थांबलं की साठा वापरला जातो, पाणी निघून जातं, वजनकाटा खाली येतो. भाकरी-भाजी सुरू झाली की आठवड्यात सगळं जागेवर. शिवाय रस काढताना आपण टाकतो तो चोथा, आणि पोट साफ राहायला खरी गरज असते ती चोथ्याचीच. चार संत्री सोलून खायला बसा, दोन खाऊन पुरे म्हणाल. त्याच चार संत्र्यांचा रस दोन घोटांत संपतो. आमच्या भागात रस म्हटलं की आधी रसवंती आठवते, घुंगरांचा आवाज आणि आलं-लिंबू घातलेला उसाचा ग्लास. तो आनंदानं प्यावा, पण त्यानं शरीर धुऊन निघतं असं कुठल्याही रसवंतीवाल्यानं मला आजवर सांगितलेलं नाही.

आता सासऱ्यांचा मुद्दा, आणि इथे मी अजिबात मवाळ बोलणार नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण बंद केलं तर साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. गोळ्या बंद करून फळांचे रस घेतले तर साखर वर जाते. दोन्हीकडून धोका. ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत त्यांना रसातलं पोटॅशियम झेपत नाही. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वयात एक दिवससुद्धा असला प्रयोग करू नये.

आणि दुधीचा रस! टीव्हीवरच्या योगशिबिरांनी हे खूळ घरोघरी नेलं. २०१० मध्ये दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. दुधी, काकडी, दोडका या वेलवर्गात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एखाद्या फळात ती फार वाढली तर उलट्या, रक्ताचे जुलाब, रक्तदाब कोसळणं, असं सगळं होऊ शकतं आणि त्यावर उतारा नाही. समितीनं सांगितलं की आधी चव घ्या, कडू असेल तर टाकून द्या, दुसऱ्या रसांत मिसळू नका. तरी २०१८ च्या जूनमध्ये पुण्यात एक चाळिशीतली बाई, रोज धावणारी, धडधाकट, असाच रस पिऊन गेली. आमच्या आई-आजी काकडी चिरताना टोक कापून घासायच्या आणि तुकडा जिभेवर ठेवून बघायच्या, कडू निघाली की उकिरड्यावर. चार प्रकारचे रस एकत्र करून वर लिंबू पिळलं की ती चव कळणार कशी?

कुणी म्हणेल, मास्तर, लंघन तर आपल्याच आयुर्वेदातलं. आहेच की. पण चरकसंहितेत लंघनाचे दहा प्रकार दिलेत, त्यात उपवास हा एक. व्यायाम हाही लंघनच, ऊन आणि वारासुद्धा! शिवाय ते कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे वैद्यानं माणूस बघून ठरवायचं. शोधनानंतर लगेच पुरणपोळी नाही, आधी पेज, मग जरा घट्ट, अशा पायऱ्या सांगितल्यात. त्या विचाराशी वाद घालता येईल, पण घरपोच बाटल्या आणि 'सर्वांना एकच' या प्रकाराशी त्याचं नातं लावू नये. आपली एकादशी तर विचारूच नका, साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा. दुप्पट खाशी म्हणतात ते उगीच नाही.

मग प्रश्न उरतो की निसर्गोपचार केंद्रात आठ-दहा दिवस राहून आलेल्या लोकांना बरं वाटतं, ते खोटं का? खोटं नाही. तिथे चहा नाही, तंबाखू नाही, दारू नाही. तळलेलं नाही, मीठ बेताचं. रात्री नऊला झोप, पहाटे चालणं, मालीश, आणि घरच्या कटकटी नाहीत. एवढं केल्यावर रक्तदाब उतरला तर त्यात नवल काय? श्रेय मात्र रसाला मिळतं.

आणि इथे उरुळी येते. जेऊरहून पुण्याच्या गाडीत बसलं की भिगवण, दौंड, केडगाव, यवत मागे टाकून उरुळी लागतं. पुण्यात ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. गांधीजी तिथे राहत, उपचार घेत. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा ट्रस्ट झाला, गांधीजी स्वतः विश्वस्त. (त्याच वास्तूत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, बापू भवन.) हे केंद्र गरिबांसाठी चालवायचं असा त्यांचा बेत होता. पण खेड्यातला गरीब शहरातल्या अशा ठिकाणी येणार नाही, हे त्यांना थोड्याच दिवसांत कळलं आणि तसं त्यांनी 'हरिजन'मध्ये उघडपणे लिहिलं. मग २२ मार्च १९४६ ला ते उरुळी कांचनला आले. ३० मार्चपर्यंत राहिले. स्वतः रोगी तपासले. ऊन घेणं, कटिस्नान, मातीच्या पट्ट्या, दूध-ताक, फळांचा रस आणि रामनाम. गावच्या महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली आणि १ एप्रिलला ट्रस्ट झाला.

गांधीजी दिल्लीला वाटाघाटींसाठी गेले. मागे राहिले मणिभाई देसाई, सुरत जिल्ह्यातला पंचविशीतला तरुण. आयुष्य उरुळीला देईन असा शब्द त्यांनी दिला होता. आश्रम त्यांनी चालवला, तो आजही आहे आणि लोक दुरून येतात. पण मणिभाईंचं नाव झालं ते वेगळ्याच कामानं. माझ्या मनात नेहमी येतं, ज्या मजुराच्या घरात ज्वारीची भाकरी दोन वेळ नाही, त्याला मोसंबीच्या रसावर ठेवून त्याच्या अंगातून काढायचं तरी काय? आमच्या करमाळा तालुक्यात १९७२ चा दुष्काळ ज्यांनी काढला, खडी फोडली, सुकडी आणि मिलोची लाल भाकरी खाल्ली, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. मणिभाईंनी गावात शेती सुधारली, शाळा काढली, आणि गाईंचा अभ्यास केला. १९६७ मध्ये त्यांनी बायफ ही संस्था उभी केली. गीर आणि देशी गाईंचा परदेशी वळूंशी संकर करून जास्त दूध देणारी जनावरं शेतकऱ्याच्या गोठ्यात पोचवायची, आणि कृत्रिम रेतनाची सोय थेट दारात न्यायची. १९८२ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९३ मध्ये ते गेले.

म्हणजे शरीरातून काय काढायचं या विचारानं जिथे सुरुवात झाली, तिथून पुढे घराघरांत जास्तीचं दूध गेलं. आश्रम आणि बायफचं संशोधन केंद्र, दोन्ही आजही उरुळीतच आहेत. पुण्याकडे जाताना वेळ असेल तर उतरून दोन्ही बघून या. आश्रमात जेवण साधंच मिळतं, पण चावून खायचं मिळतं.