वेढा

तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘गो’ हा खेळ समजायला वेळ लागणार नाही. होडीतून जाळे समुद्रात अर्धगोलाकार सोडत नेतात, दुसरे टोक किनाऱ्याला आणतात आणि दोन्हीकडून माणसे दोर ओढू लागतात. तीन बाजूंना जाळे, चौथ्या बाजूला वाळू. किनारा फुकटात भिंतीचे काम करतो.

चीनमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे खेळला जाणारा हा खेळही वेढा घालण्याचाच. तिथल्या ‘वेइची’ या नावाचा अर्थच तो. गो हे जपानी नाव. एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघा, त्या जिथे छेदतात ते ३६१ बिंदू. एकाकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. ठेवलेली सोंगटी पुन्हा हलत नाही. चहूकडून कोंडली गेली तरच उचलली जाते. जो अधिक जागा वेढील तो जिंकला. पटाची कडा इथेही भिंत होते, म्हणून जाणते खेळाडू आधी कोपरे धरतात, मग कडा, आणि शेवटी मध्य.

नियम एवढेच. पण या नियमांनी संगणकशास्त्रज्ञांना पन्नास वर्षे झुंजवले.

१९९७च्या मे महिन्यात आयबीएमच्या डीप ब्लूने गॅरी कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवले. ते यंत्र सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत असे. पुढच्याच वर्षी मार्टिन म्युलर या हौशी पण तयारीच्या गो खेळाडूने, जो स्वतः गोचे प्रोग्राम लिहीत असे, एका नावाजलेल्या प्रोग्रामला २९ सोंगट्यांची सूट दिली. म्हणजे डाव सुरू होण्याआधीच यंत्राच्या २९ सोंगट्या पटावर. तरीही यंत्र हरले!

असे का? बुद्धिबळात वजीर गेला की नुकसान मोजता येते. गोमध्ये सगळ्या सोंगट्या सारख्या. एकटी पडलेली सोंगटी पन्नास खेळ्यांनंतर अख्खा कोपरा वाचवते, नाहीतर फुकट जाते. कोण पुढे आहे, हे मुरलेला खेळाडू पट पाहून सांगतो. कसे कळले, हे त्याला नीट सांगता येत नाही. आमच्याकडच्या जुन्या रापणकराचेही तसेच. लांबवर पाणी नुसते निळे दिसत असताना तो म्हणणार, बांगडो आसा. कशावरून? तर, “माका दिसता.”

हे ‘दिसता’ नियमांत बसवण्याचा खटाटोप तीस-चाळीस वर्षे चालला. अमेरिकेत आल्बर्ट झोब्रिस्टने १९६८च्या सुमारास पुरा डाव खेळणारा पहिला प्रोग्राम लिहिला. तो अगदी नवशिक्याला हरवू शके, बस्स. तैवानचे उद्योगपती इंग चांग-की यांनी व्यावसायिक खेळाडूला हरवणाऱ्या प्रोग्रामसाठी चार कोटी तैवानी डॉलरचे बक्षीस ठेवले होते. २०००मध्ये मुदत संपली, बक्षीस कोणीच नेले नाही.

वाट सापडली ती भलत्याच दिशेने. बर्न्ड ब्रुगमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९९३मध्ये सुचवले होते, की जाणकारी राहू द्या; समोरच्या स्थितीपासून वाटेल तशा खेळ्या करत डाव शेवटपर्यंत न्या, असे हजारो डाव खेळा आणि कोणत्या खेळीने अधिक वेळा जिंकलो ते मोजा. ऐकायला पोरखेळ वाटतो. २००६मध्ये फ्रान्सच्या रेमी कुलोम यांनी या कल्पनेला शिस्त लावली आणि यंत्राची ताकद झपाट्याने वाढली. तरी २०१३मध्येही जपानच्या योशिओ इशिदांना हरवायला यंत्राला चार सोंगट्यांची सूट घ्यावी लागली.

लंडनच्या डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फागो’ने याला दुसरी जोड दिली. माणसांच्या डावांतल्या सुमारे तीन कोटी स्थिती दाखवून यंत्राची नजर तयार केली, मग त्याला स्वतःशीच खेळवले. मार्च २०१६मध्ये सोलला त्याने ली सेडोल यांना ४-१ असे हरवले. दुसऱ्या डावातली यंत्राची ३७वी खेळी जाणकारांना आधी चूक वाटली. चौथ्या डावात ली यांच्या ७८व्या खेळीने यंत्र गोंधळले. तो त्यांचा एकमेव विजय.

मला मात्र खरा धक्का पुढच्या वर्षीचा वाटतो. ऑक्टोबर २०१७मध्ये जाहीर झालेल्या ‘अल्फागो झीरो’ला माणसाचा एकही डाव दाखवला नव्हता. नुसते नियम. तीन दिवसांत ते स्वतःशी सुमारे ४९ लाख डाव खेळले आणि लींना हरवणाऱ्या आवृत्तीला त्याने १००-० असे नमवले. आता गंमत पाहा. ही खेळी का केलीस, असे यंत्राला विचारले तर हाती काय लागते? नुसते आकडे. म्हणजे यंत्र जिंकले ते त्यालाही ‘दिसता’ एवढेच म्हणता येऊ लागले तेव्हा.

ली सेडोल २०१९मध्ये निवृत्त झाले. यंत्राला आता हरवता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पण २०२३च्या फेब्रुवारीत केलिन पेलराइन या अमेरिकी हौशी खेळाडूने अशाच तगड्या प्रोग्रामला पंधरापैकी चौदा डावांत हरवल्याची बातमी आली. युक्ती आधी दुसऱ्या प्रोग्रामनेच शोधून दिली होती. पटावर मात्र पेलराइन एकटाच खेळला. आपल्या मोजक्या सोंगट्यांभोवती त्याने यंत्राला खुशाल कडे करू दिले. मग यंत्राला इतर कोपऱ्यांत गुंतवून ठेवत त्या कड्याभोवती बाहेरून सावकाश दुसरे कडे आवळत आणले. नवशिक्यालाही ते दिसले असते. यंत्राला, दोर जवळजवळ किनाऱ्याला लागेपर्यंत, आपण जाळ्यात आहोत याचा पत्ताच नव्हता.