पिवळं कार्ड, केशरी कार्ड आणि दवाखान्याचं बिल

मस्तगड म्हणजे जालन्याची १७२५ सालची गढी. तिच्या बांधकामाबद्दल पुन्हा कधीतरी. आज विषय वेगळा आहे : या गढीच्या आसपास राहणाऱ्या माणसाला मोठा आजार झाला, तर बिल कोण भरतं? वाटतो तितका हा इतिहास कंटाळवाणा नाहीये!

आपल्याकडे सरकारी आरोग्य विमा सुरू झाला तो पगारदारांपासून. १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजेच ईएसआय. पगारातून वर्गणी कापायची, उपचार द्यायचे. पण शेतमजूर, हमाल यांना कुठलं आलंय पगारपत्रक? त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९९७ मध्ये जीवनदायी योजना आणली. हा विमा नव्हता, मदत होती. हृदय, मेंदू, मूत्रपिंड असे मोजके आजार, दारिद्र्यरेषेचा दाखला आणि मग मंजुरीची वाट बघा.

२ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. मॉडेल आंध्रच्या २००७ मधल्या आरोग्यश्रीचं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, कुटुंबाला वर्षाला दीड लाख, ९७२ उपचार, सगळं कॅशलेस. कुटुंबामागे ३३३ रुपये प्रीमियम सरकार भरणार. पहिल्या आठ जिल्ह्यांत मराठवाड्यातून फक्त नांदेड. जालन्याचा नंबर लागला २१ नोव्हेंबर २०१३ ला. पुढे शेतीसंकटातल्या १४ जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरीही आत आले. त्यात जालना आहे. म्हणजे ऑपरेशनसाठी सात-बारा कामाला आला! २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं आणि २०२३ च्या निर्णयाने कार्डाचा रंग न बघता सगळ्यांना पाच लाखांचं कव्हर.

मग अडचण कुठे आहे? ही योजना भरती झालेल्या पेशंटची. खासगी डॉक्टरची फी, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत. किडनी गेल्यावरचं डायलिसिस मात्र बसतं. थायलंडने २००२ मध्ये ३० बाटची योजना आणली तेव्हा साधी तपासणीही त्यात धरली. आणि त्याआधी कित्येक वर्षं तालुक्या-तालुक्यात सरकारी हॉस्पिटलं उभारली होती.

आपण उलटं केलं. कार्ड आलं २०१३ ला, जालन्याचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं २०२४ ला. मधली अकरा वर्षं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल म्हणजे साठेक किलोमीटरवरची घाटी. माझं मत विचाराल तर पाच लाखांचे दहा लाख करण्याआधी त्या रोजच्या गोळ्या यादीत घ्या. डायलिसिसपेक्षा स्वस्त पडतील.