आगासी गुरुजींचा मासा

‘मासा’ या विषयावर चार ओळी लिहायला सांगितल्या की मुले पुस्तक उघडतात. अमेरिकेतील हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ लुई आगासी यांची रीत निराळी. सॅम्युएल स्कडर या शिष्यापुढे त्यांनी मद्यार्कातला मासा ठेवला नि म्हटले, पाहा! कल्ले, पापण्यांविना डोळे, दुभंगलेली शेपटी; शिष्याने सारे सांगितले, तरी गुरुजींचे समाधान होईना. रात्र विचारात गेली, तेव्हा उमगले : माशाच्या दोन्ही बाजू सारख्या, अवयव जोडीजोडीने! १८७३ च्या उन्हाळ्यात पेनिकीस बेटावर आगासींनी शाळांतल्या शिक्षक-शिक्षिकांना समुद्राकाठीच असे धडे दिले. त्याच डिसेंबरात ते वारले. बेटावरची शाळा दोनच उन्हाळे चालली. तरी मुलाच्या हाती लेखणी देण्याआधी मासा द्यावा, ही त्यांची शिकवण आजही उपयोगी पडेल.