शीव
शीव : मुंबईच्या मूळ बेटसमूहाच्या ईशान्य टोकाचे ऐतिहासिक सीमास्थान. दादर–माटुंग्याच्या उत्तरेस वसलेली ही वस्ती सायन या नावानेही परिचित आहे. ‘शीव’ म्हणजे गावाची हद्द. हा शब्द संस्कृत ‘सीमा’ यापासून आला. येथे मुंबई संपून खाडीपलीकडे साष्टी बेट सुरू होई.

या नावाचे इंग्रजी लेखन जेरूसलेममधील सीयोन टेकडीच्या नावाशी जुळते. त्यावरून ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी हे नाव दिले असावे, अशीही एक उपपत्ती मांडली जाते. तथापि स्थळाचे स्वरूप पाहता मराठी व्युत्पत्तीच अधिक ग्राह्य वाटते. हिब्रू संदेष्ट्यांच्या ग्रंथांत सीयोन हे हद्दीचे नव्हे, तर पवित्र नगरीचे नाव आहे. हद्दीची स्थळे यहेज्केलच्या ग्रंथात (अध्याय ४७ व ४८) येतात. इझ्राएलच्या भावी भूमीच्या चतुःसीमा सांगताना त्यात हेथलोन, सिब्राईम इ. नावे आली असून त्यांच्या स्थाननिश्चितीविषयी विद्वानांत एकमत नाही. अर्थदृष्ट्या शीवेचे नाते सीयोनपेक्षा या अप्रसिद्ध स्थळांशी अधिक जवळचे आहे.

पोर्तुगालने १६६१ च्या विवाहतहान्वये मुंबई इंग्लंडच्या राजास दिली. मात्र तीत कोणता प्रदेश मोडतो, याबद्दल वाद झाला. साष्टीवरील इंग्रजांचा दावा पोर्तुगीजांनी फेटाळला व शीवेची खाडी ही दोन सत्तांमधील हद्द ठरली. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. त्यानंतर गव्हर्नर जेरल्ड आँजिअर याच्या कारकीर्दीत (१६६९–७७) येथील टेकडीवर किल्ला बांधण्यात आला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टीत मराठी सत्ता आली. त्याच वर्षी इंग्रजांनी जवळच धारावी येथे काळा किल्ला उभारला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे व साष्टी जिंकली आणि सालबाईच्या तहाने (१७८२) साष्टी त्यांच्याकडेच राहिली. अशा रीतीने शीवेचे लष्करी महत्त्व संपले. पुढे गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या काळात (१७९५–१८११) खाडीवर बांध घालून मुंबई व साष्टी जोडण्यात आली.

१९५० मध्ये महानगरपालिकेची हद्द उत्तरेकडे वाढविण्यात आली, तेव्हा शीव शहराच्या कडेची राहिली नाही. तरीही जुनी सीमा पूर्णतः पुसली गेलेली नाही : शीव मुंबई शहर जिल्ह्यात, तर पलीकडील कुर्ला मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडते. बोलण्यात ‘सायन’ रूढ झाले असले, तरी रेल्वेस्थानकाच्या मराठी नावात ‘शीव’ हा मूळ अर्थवाही शब्द टिकून आहे.