वीसएक की एकवीस? घाटमाथ्यावरच्या मोजणीविषयी

इंग्रजी आकडे नव्याने शिकणारे मराठी मूल पुष्कळदा एक विशिष्ट चूक करते. बावीसला ते 'टू-ट्वेंटी' म्हणते आणि 'त्रेपन्न लिही' म्हटले की पाटीवर ३५ लिहून मोकळे होते. शिक्षक ही चूक कधी इंग्रजीच्या खात्यात टाकतात, कधी गणिताच्या. खरे तर ती दोहोंचीही नाही. ती क्रमाची चूक आहे आणि त्या क्रमाला दीर्घ इतिहास आहे. मूल जे ऐकते तेच लिहीत असते. 'त्रेपन्न' या शब्दात तीन आधी ऐकू येतात, पन्नास मागाहून.

मराठीत अकरापासून नव्याण्णवपर्यंत एकक आधी आणि दशक नंतर येतो. ही रचना संस्कृतातून प्राकृतांच्या मार्गाने आपल्याकडे आली आणि येता येता इतकी झिजली की तिचे सांधे दिसेनासे झाले. पन्नासचे कुठे 'वन्न' होते, कुठे 'पन्न': एकावन्न, बावन्न, पण त्रेपन्न, चोपन्न. सत्तरमधल्या 'स'चा प्राकृतातच 'ह' झाला, म्हणून एकाहत्तर, बाहत्तर. त्यात भर म्हणजे वजाबाकीचे शब्द. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. असे एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्याण्णवला भाषा एकदम पवित्रा बदलते, तिथे 'एक उणे शंभर' म्हणत नाही. शंभराच्या पुढे तर आणखी गंमत आहे. एकशे बावीस म्हणताना आधी मोठे स्थान येते, मग सर्वांत लहान, मग मधले. ही भाषा मुखाने शिकणाऱ्याला यातले काहीच खटकत नाही. ती अंकांनी लिहायला शिकणाऱ्याला मात्र पहिली दोन वर्षे खटकत राहते.

हा प्रश्न २०१९ सालच्या जूनमध्ये महाराष्ट्रभर गाजला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन देण्यात आले. त्यावर वर्तमानपत्रे, विधानसभा आणि चहाच्या टपऱ्या यांत एकाच वेळी थट्टेचा पूर आला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची बाजू त्या गदारोळात फार थोड्यांनी शांतपणे ऐकली. जुने शब्द काढलेले नाहीत, नवा पर्याय सोबत दिला आहे. जोडाक्षरांनी भरलेले आणि उलट्या क्रमाचे शब्द लहान मुलांना गणितापासून दूर लोटतात. इंग्रजीत आणि दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी येतो, असे त्यांचे म्हणणे होते. 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या या विदुषीला मराठीचे प्रेम नव्हते असे म्हणणे हा अन्यायच होता. २०२३ साली त्या गेल्या. त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र अजून तसाच उभा आहे.

आमच्या मते त्यांचे निदान बरोबर होते. औषधाविषयी शंका घेता येते. ती शंका अस्मितेची नाही, व्याकरणाची आहे. मराठीत 'वीसएक माणसे आली होती' याचा अर्थ सुमारे वीस माणसे आली होती असा होतो. संख्येपाशी 'एक' जोडला की ती अंदाजाची होते. म्हणजे 'वीस एक' ही जागा भाषेने आधीच दुसऱ्या कामाला दिलेली आहे. मूल वर्गात 'वीस एक' म्हणजे २१ असे शिकणार आणि घरी आजी 'वीसेक भाकऱ्या टाक' म्हणणार. थट्टा करणाऱ्यांपैकी कोणी हा मुद्दा काढल्याचे आमच्या वाचनात नाही. बहुतेकांना आडनावांतले आकडे फोडण्यातच रस होता.

आता इंग्रजीकडे पाहू. इंग्रजीचा क्रम सरळ आणि आपला वाकडा, असे या वादात दोन्ही बाजूंनी गृहीत धरले. इतिहास तसे सांगत नाही. जुन्या इंग्रजीत आपल्याप्रमाणेच एकक आधी येत असे. जर्मनमध्ये ते आजही येते. पुढे शतकानुशतके इंग्रजीत दोन्ही क्रम शेजारी शेजारी नांदले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना याचा पुरावा शोधायला दूर जायला नको. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली एलिझाबेथ आपले वय सांगते ते 'वन-अँड-ट्वेंटी' याच घडणीत. बालगीतांतून आणि बायबलच्या १६११ सालच्या भाषांतरातून तो क्रम अजूनही कानावर पडतो. आणि तेरा ते एकोणीसपर्यंत इंग्रजी आजही एकक आधीच म्हणते: फोर-टीन, सिक्स-टीन. इलेव्हन आणि ट्वेल्व्ह तर कोणत्याच क्रमात बसत नाहीत. तेव्हा इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला विसापाशी गाडीचा रूळ बदलावा लागतो, ही इंग्रजीची स्वतःची अडचण आहे. ती कोणी सांगत नाही, म्हणून मुलाला वाटते की आपलेच काही चुकले.

क्रम कायद्याने बदलता येतो का? नॉर्वेने ते करून पाहिले. टेलिफोनचे क्रमांक सांगताना आणि ऐकताना घोटाळे होतात म्हणून तिथल्या संसदेच्या निर्णयानुसार जुलै १९५१ पासून शाळेत आणि सरकारी व्यवहारात 'एक-आणि-वीस'च्या जागी 'वीस-एक' आले. सत्तर वर्षे उलटून गेली तरी पुष्कळ नॉर्वेजियन माणसे बोलताना जुना क्रम वापरतात. कित्येक जण दोन्ही वापरतात आणि त्यांना त्याचे भानही नसते.

दोन मोजण्या एका तोंडी नांदणे ही गोष्ट कन्नडच्या परिसराला मुळीच नवी नाही. (या गावाचे नाव ऐकून परगावचे लोक भाषेविषयी विचारतात. कन्नड भाषेत एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे वीस आधी. कन्नड गावात एक आधी!) १९४८ पर्यंत हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे ब्रिटिशांचा खानदेश. घाटाला औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव पडले ते त्या बाजूने. संस्थानाचा राज्यकारभार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत फारसीत चाले, नंतर उर्दूत. फारसीत एकवीसला 'बीस्त-ओ-यक' म्हणतात, म्हणजे दशक आधी, आणि तेही इंग्रजीप्रमाणेच विसाच्या पुढे; अकरा ते एकोणीस एकक आधीच. उर्दूत पुन्हा 'इक्कीस', आपल्यासारखे. दशक आधी मोजण्याची रीत या भागातल्या कागदांवर इंग्रजीबरोबर आली, असे म्हणता येत नाही. ती आधीपासून कचेरीत बसलेली होती.

नाण्यांची कथा याहून रंजक आहे. संस्थानाचा रुपया 'हाली' आणि घाटाखालचा ब्रिटिश रुपया 'कलदार'. सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारांना एकशे सोळा हाली, दहा आणे, आठ पै. घाट उतरून कापूस किंवा गुरे विकणाऱ्याला हा हिशेब तोंडी करावा लागे, आणि रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पै बारा. अशा व्यवहारात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाठांतर हा पंतोजींचा हट्ट नव्हता. त्याशिवाय बाजारात फसगत होत असे. वर्षाचेही तेच. सरकारी दफ्तरात फसली सन, पंचांगात शक, घाटाखाली इसवी सन. फसलीत ५९० मिळवले की स्थूलमानाने इसवी सन मिळे. अंकांची चिन्हेही तीन तऱ्हांची होती: मराठी पोथीतली, उर्दू कागदावरची आणि इंग्रजी पोस्टाच्या शिक्क्यातली. उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण तिच्यातले अंक डावीकडून उजवीकडेच लिहिले जातात. ज्यांनी ही शाळा केली त्यांना क्रम उलटा असणे ही आपत्ती वाटली नसावी.

१९५७ सालच्या एप्रिलपासून दशमान नाणी आली, हाली सिक्का त्याच दशकात चलनातून गेला, आणि त्याबरोबर पावकी-दिडकीचेही काम संपले. हा भाग १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्या राज्यात पूर्वी पाचवीपासून शिकवले जाणारे इंग्रजी २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून सुरू झाले. पुढे सेमी-इंग्रजी वर्ग वाढले आणि गणितच इंग्रजीतून शिकवले जाऊ लागले.

या बदलात मराठी कान कसा काम करतो याचा एक सुरेख नमुना पाढ्यांत सापडतो. 'टू वन्स आर टू' हे वाक्य आपल्या मुलांनी 'टू वन जा टू' असे करून घेतले. 'वन्स'मधला शेवटचा ध्वनी 'आर'ला चिकटला, त्याचा 'जा' झाला आणि 'बे एके बे'च्या ठेक्यात तो फिट्ट बसला. त्या 'जा'चा अर्थ कोणालाच ठाऊक नाही. 'बे'चा तरी किती जणांना असतो? तिथे भाषा बदलली, चाल तीच राहिली.

काळजी वाटते ती दुसऱ्या टोकाची. पदव्युत्तर मराठीच्या वर्गात 'सदुसष्ट' म्हटले की विद्यार्थी 'सिक्स्टी सेव्हन ना?' असे विचारून खात्री करून घेतात. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत तर हमखास गफलत होते. नुसता व्यवहार पाहिला तर यात बिघडत काही नाही. पण छत्तीसचा आकडा का, हे ३६ हे अंक देवनागरीत पाहिल्याशिवाय उमगत नाही. तीन आणि सहा पाठीला पाठ लावून उभे असतात. बावनकशी, चौसष्ट कला, नव्याण्णवचा फेरा हे शब्द ज्यांना आधी मनात इंग्रजीत उलथावे लागतात, त्यांना जुने गद्य वाचताना दर पानावर ठेच लागणार.

पहिलीच्या वर्गात यावर करण्यासारखे थोडेच आहे, पण ते खरोखर करण्यासारखे आहे. फळ्यावर २२ लिहून मराठीत कोणता अंक आधी ऐकू येतो आणि इंग्रजीत कोणता, हे मुलांनाच विचारावे. एकक एका रंगाच्या खडूने, दशक दुसऱ्या. दोन भाषा दोन टोकांनी वाचतात हे सहा वर्षांच्या मुलाला कळते आणि त्याला ते गमतीचेही वाटते. थर्टीन आणि थर्टी यांतला फरक नुसत्या शेवटच्या 'न'वर सोडू नये. इंग्रजीत तो बराचसा आघातावर ऐकू येतो, आणि मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नसल्यामुळे आपला कान तिकडे वळतच नाही. हे ठिकठिकाणच्या इंग्रजी संभाषण वर्गांतसुद्धा शिकवले जात नाही, मग शिकलेली माणसेही दुकानात पंधराचे पन्नास ऐकतात.

एकक आधी म्हणण्याला आपल्याकडे विद्वानांचीही रीत होती. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त आपला जन्मशक शब्दांत गुंफला आहे: रस म्हणजे सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. उजवीकडून वाचले की १०३६, म्हणजे इसवी सन १११४. मराठी आकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला ही रीत एकदा सांगितली की पुरते. 'सिक्स्टी सेव्हन'वाल्याला ती कोडे वाटते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. त्याचा शके ११२८ चा, म्हणजे १२०७ सालचा शिलालेख कन्नडचा घाट आणि गौताळ्याचे जंगल ओलांडले की पाटणादेवीला आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. या लेखातली वंशाची आणि विद्वत्तेची स्तुती संस्कृत श्लोकांत आहे. मठाला कोणी काय आणि किती द्यायचे, हा तपशील शेवटच्या ओळींत येतो, आणि तिथे लेखाची भाषा मराठी होते.